कोठडीतला मृत्यू: निवेदनात नेमकं काय मागायचं?

गोदाकाठ:
कोठडीत माणूस गेला की बाजारपेठ बंद होते, मोर्चा निघतो आणि तहसीलदारांच्या हातात निवेदन पडतं. त्यात ठरलेली दोन वाक्यं असतात: "उच्चस्तरीय चौकशी व्हावी, दोषींवर कठोर कारवाई व्हावी." यातल्या एकाही शब्दाने कोणी बांधला जात नाही.

परभणीत अटकेत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू १५ डिसेंबर २०२४ चा. गुन्हा नोंदवा, हा मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश ४ जुलै २०२५ चा. एवढी माणसं रस्त्यावर असताना मधले साडेसहा महिने कशात गेले? आणि पहिल्या दोन दिवसांत कागदावर काय मागितलं तर असं होणार नाही? जाणकारांनी कृपया कलमांसकट सांगावं.

तारीख_पे:
बराच वेळ एका गैरसमजात जातो. चौकशी लागली म्हणजे गुन्हा दाखल झाला, असं लोक धरून चालतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पोलीस आधी "अकस्मात मृत्यू"ची नोंद करतात आणि तो नंबर नातेवाइकांना देतात. तो एफआयआर नव्हे, कागदाच्या डोक्यावरचं कलम वाचा. त्यानंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १९६ खाली न्यायदंडाधिकारी चौकशी होते. तिथे नातेवाइकांना हजर राहायचा हक्क आहे, तो सोडू नका. पण अहवाल आल्यावर पुढे कोणी काय करायचं, हे कायद्यात स्पष्ट नाही. सोमनाथच्या आईच्या वतीने प्रकाश आंबेडकरांनी खंडपीठापुढे नेमकी हीच फट दाखवली. अहवालात पोलिसांवर ठपका होता, तरी गुन्ह्यासाठी हायकोर्ट गाठावं लागलं. त्यावर राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे ३० जुलै २०२५ ला ते अपील फेटाळलं गेलं.

म्हणून चौकशीची वाट न बघता जवळच्या नातेवाइकाने पहिल्याच दिवशी लेखी फिर्याद द्यावी. भारतीय न्याय संहितेची (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची) कलमं १०३ (खून), १२० (कबुलीसाठी मारहाण) आणि ३(५) (अनेकांचा समान हेतू) लिहावीत. ठाण्याने घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने, आणि तिथेही दाद नाही लागली तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह. इथे एक खड्डा आहे. नव्या १७५(४) नुसार तक्रार सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची असेल तर आधी वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो. तेव्हा फिर्यादीत स्वच्छ लिहा की कोठडीत मारहाण करणं हा कर्तव्याचा भाग होऊच शकत नाही. पुढे सरकारी नोकरावर खटला भरायच्या मंजुरीसाठी (कलम २१८) हाच मुद्दा लागतो. त्या मंजुरीला आता १२० दिवसांची मुदत आहे, नंतर ती मिळाली असं धरलं जातं.

पांढरा_कोट:
कलमं नंतरही लावता येतात. शवविच्छेदन एकदा बिघडलं की बिघडलं, त्यामुळे पहिला अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांना.

अर्जात मागायचं ते असं: दोन किंवा जास्त डॉक्टरांचं पथक, त्यात न्यायवैद्यक विभागाचा एक. शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातलं वैद्यकीय महाविद्यालय (सोमनाथचं शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झालं, आणि प्राथमिक मत "अनेक जखमांमुळे आलेला शॉक" असं आलं). पूर्ण चित्रीकरण. मानवाधिकार आयोगाने ते १९९५ पासून सांगितलेलं आहे, उपकार म्हणून मागू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठ, नितंब, मांड्या, पोटऱ्या आणि तळपाय कापून आतले थर बघावेत, हे शब्दशः लिहा. पट्ट्याचा किंवा रबरी नळीचा मार कातडीवर फारसा दिसत नाही, सावळ्या कातडीवर तर नाहीच. रक्त आत स्नायूंत साकळलेलं असतं. नेहमीच्या पद्धतीत छाती, पोट आणि डोकं उघडतात आणि पाठ तशीच राहते.

अशा माराने स्नायू चिरडले की त्यातला घटक रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मृत्यू मग दोन-तीन दिवसांनी, बहुधा तुरुंगात होतो, आणि पोलीस म्हणतात, "आमच्या ताब्यात असताना धडधाकट होता." म्हणून मूत्रपिंड आणि स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शक तपासणीला पाठवायला सांगा. नुसता व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला तर "मृत्यूचं कारण राखीव" असा शेरा येतो आणि रासायनिक अहवालाची वाट बघत बसावं लागतं. अंत्यविधी दफनाचा करा. दहन झालं की दुसऱ्यांदा तपासणीचा रस्ता संपला. लवकर उरका म्हणून दबाव येतो, तो याचसाठी.

पालावरची_शाळा:
कलमांच्या यादीत अॅट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) दिसली नाही. ती कुठे लागते आणि कुठे नाही, यातच या व्यवस्थेची सगळी गोम आहे.

सोमनाथ वडार समाजाचे. महाराष्ट्रात वडार विमुक्त जातींत मोडतात, अनुसूचित जातींत नाहीत, म्हणजे त्या कायद्याचं कवच नाही. फासेपारधी मात्र अनुसूचित जमातीत आहेत. तिथे कलम ३(२)(५) लागू शकतं, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि १८अ मुळे गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशीचं निमित्त चालत नाही. जातीचा दाखला पहिल्याच दिवशी फिर्यादीला जोडा. दाखला नसणं हीच पालावरची (भटक्यांच्या वस्तीवरची) पहिली अडचण असते, तेव्हा भावाचा, चुलत्याचा, कोणाचाही शोधा.

१८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण चोरी झाली की आधी पालावर गाडी जाते ती सवय रद्द झाली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सुप्रीम कोर्टाने विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलंय. निवेदनात त्याचा उल्लेख तारखेसह करा.

गोदाकाठ:
सीसीटीव्हीचं काय? परभणीच्या प्रकरणात विधानसभेत सांगितलं गेलं की चित्रणात मारहाण नाही आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सोमनाथ यांनी तक्रारही केली नाही.

तारीख_पे:
"तक्रार नाही" हे रिमांडच्या कागदावर येणारच. मारणारे शेजारी उभे असताना कोण बोलेल? त्यापेक्षा वजनदार कागद दोन: अटकेनंतरचा वैद्यकीय तपासणी अहवाल (नागरिक सुरक्षा संहिता कलम ५३, प्रत आरोपीला द्यावीच लागते) आणि तुरुंगात घेतानाची जखमांची नोंद. तुरुंगाच्या दारात जखम लिहिली गेली असेल तर ती त्याआधीचीच.

चित्रणाबाबत सुप्रीम कोर्टाचा परमवीर सिंग सैनी निकाल, २ डिसेंबर २०२०: कॅमेरे आवाजासह, साठवण १८ महिने, तेवढी शक्य नसेल तर कमीत कमी एक वर्ष. फक्त "फुटेज द्या" म्हणू नका. अटकेच्या तासापासून मृत्यूपर्यंतचं, प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा आणि निरीक्षकाची खोली, अशी जागावार मागणी करा, आणि ते पुसू नये अशी लेखी सूचना त्याच दिवशी द्या. ठाण्याची स्टेशन डायरी आणि गाडीचं लॉगबुकही जोडीला मागा. मारहाण ठाण्याबाहेर झाली असेल तर लॉगबुकच बोलतं.

आणि "तो पळून गेला" असं सांगितलं तरी १९६ लागतं, त्यात कोठडीतून बेपत्ता होणंही येतं. सांगलीत २०१७ ला अनिकेत कोथळेबद्दल हेच सांगितलं होतं, मृतदेह आंबोलीत जाळलेला निघाला. ख्वाजा युनूसच्या वेळी, २००३ मध्ये, गाडी दरीत कोसळून तो पळाल्याची कथा होती. तोही परभणीचाच.

पांढरा_कोट:
एक मतभेद नोंदवतो. हे सगळं एकाच निवेदनात कोंबू नका. तहसीलदार ते वर पाठवतात आणि तिथे ते फायलीत झोपतं. शल्यचिकित्सकांना वेगळा अर्ज, अधीक्षकांना वेगळा, मानवाधिकार आयोगाला वेगळा. आयोगाला चोवीस तासांत कळवणं प्रशासनाचं कामच आहे, तरी स्वतः कळवा.

गोदाकाठ:
पटलं. मग मोर्चाचं निवेदन एका पानाचं ठेवतो, बाकीचे अर्ज ज्याचे त्याला वेगळे देऊन. प्रत्येकावर आवक क्रमांक आणि वेळेसह शिक्का घ्यायचा, एवढं स्वयंसेवकांना सांगतो.

तारीख_पे:
वेळ नक्की घ्या. नुसत्या तारखेवर "अर्ज शवविच्छेदनानंतर आला" म्हणतात.