मदत हवी आहे: टोकियोत रोप्पोंगीची म्युझियम्स आईबरोबर कशी बघावी?

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरात आईला घेऊन टोकियोला जातेय आणि रोप्पोंगीसाठी एक अख्खा दिवस काढून ठेवलाय. आई आयुष्यभर चित्रकलेची शिक्षिका होती त्यामुळे हा दिवस मला अगदी नीट जमवायचाय, पण तिचे गुडघे दुखतात.

मंगळवार टाळायचा एवढं पक्कं, कारण नॅशनल आर्ट सेंटर, सनटोरी म्युझियम आणि ट्वेंटीवन ट्वेंटीवन डिझाइन साइट ही तिन्ही मंगळवारी बंद असतात आणि मोरी आर्ट म्युझियमसुद्धा त्या दिवशी लवकर बंद होतं. एरवी मोरी रात्री १० पर्यंत उघडं, ५३ व्या मजल्यावर, म्हणून ते शेवटी ठेवतेय. सकाळी नॅशनल आर्ट सेंटर, तिथे स्वतःचा कायमचा संग्रह नाहीये, फिरती प्रदर्शनंच असतात, पण वास्तुकार कुरोकावांची ती लाटांसारखी काचेची भिंत आणि आत काँक्रीटच्या उलट्या शंकूवरचं कॅफे आईला दाखवायचंच आहे.

आता प्रश्न असा की दुपारी सनटोरी घ्यावं की वास्तुकार तादाओ आंदोंनी बांधलेलं ट्वेंटीवन ट्वेंटीवन? आईला लाखकाम, जुनी भांडी फार आवडतात म्हणून माझा कल सनटोरीकडे आहे. आणि नॅशनल आर्ट सेंटरपासून मिडटाउनपर्यंत (ही दोन्ही म्युझियम्स तिथेच आहेत) चालताना चढ किती लागतो, की सरळ टॅक्सी करावी? व्हीलचेअर म्युझियममध्ये मागितली की लगेच मिळते का? वयस्कर माणसांना घेऊन जे गेलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.