रेबीजची लस पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) मिळते
कुत्रा चावल्यावर प्रायव्हेटशिवाय पर्याय नाही असं कुणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. भाच्याच्या पोटरीला चावला तेव्हा शेजारच्या काकू जखमेवर लावायला तिखट घेऊनच आल्या होत्या (प्रेमानेच हो), पण आशाताईंनी (गावच्या आरोग्यसेविका) फोनवरच झापलं, आधी १५ मिनिटं नळाखाली साबणाने धुवा आणि लगेच पीएचसीत या. लस तिथे फुकट मिळाली, दोन्ही दंडांवर कातडीत टोचतात, ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी.

फक्त एक, रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) लागतं आणि ते प्रत्येक पीएचसीत नसतं, आम्हाला जिल्हा रुग्णालयात पाठवलं, त्यामुळे निघण्याआधी फोन करून विचाराच. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत.