रिकामा नकाशा भरावा की तसाच राहू द्यावा?

आडवाट

स्कायरिम (२०११) या गेममध्ये दक्षिणेच्या सरहद्दीवर पोचले की या बाजूला जाता येणार नाही असा संदेश पडद्यावर उमटतो आणि पात्र जागच्या जागी पाय आपटत राहते. सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलली की हा अडसर निघतो. मी तो काही वर्षांपूर्वी काढला आणि शेजारच्या सायरोडील प्रांताच्या दिशेने चालत सुटलो. आधी झाडे संपली, मग दगड संपले, मग गवतही उरले नाही. उरले ते फक्त डोंगरउतारांचे ओबडधोबड आकार, ज्यांच्यावर लांबून पाहण्यापुरताच रंग फासलेला होता. तासभर चाललो. वाटेत ना शत्रू भेटला, ना पेटी, ना कोणी काम सांगणारा. त्या गेममध्ये घालवलेल्या शेकडो तासांपैकी तो एक तास मला सर्वांत स्पष्टपणे आठवतो.

हा चर्चेचा धागा काढण्याचे कारण असे, की असा एखादा ओसाड तुकडा सापडला रे सापडला, की कोणीतरी तिथे एक सराई, एक शापित खाण आणि नवऱ्याचा शोध घेऊन द्या म्हणणारी एक विधवा आणून बसवतो आणि नकाशाचे सार्थक झाले असे जाहीर करतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. मूळ निर्मात्यांनी वापराविना सोडलेला भूभाग चाहत्यांनी भरू नये. रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) मध्ये नदीपलीकडे मेक्सिकोची जी बाजू दिसते, तिथे ग्लिचच्या, म्हणजे गेममधल्या तांत्रिक चुकीच्या, आधारे पोचलेला खेळाडू २०१०च्या गेममधल्या नुएव्हो पाराइसोच्या डोंगरांमधून हिंडतो. तिथे करण्यासारखे काहीच नसते आणि म्हणूनच तो जमिनीकडे पाहतो. नकाशावर क्वेस्टची, म्हणजे नेमून दिलेल्या कामगिरीची, खूण आली की नजर खुणेकडे जाते, वाट ही केवळ दोन खुणांमधले अंतर होऊन बसते. चाहत्यांनी क्वेस्ट जरूर लिहाव्यात. पण त्या आहे त्या गावांत लिहाव्यात किंवा संपूर्ण नवी भूमी उभारून तिथे लिहाव्यात.

चौकस

असहमत. रिकामेपणाला आपण जे मोठेपण देत आहात, ते निर्मात्यांनी दिलेले नाही. बहुतेक ठिकाणी जागा रिकामी राहते ती मुदत संपल्यामुळे. फॉलआउट: न्यू वेगास (२०१०) सुमारे १८ महिन्यांत तयार झाला आणि त्यात सीझरच्या लीजन या टोळीच्या बाजूचा बराच भाग गाळावा लागला, हे खुद्द निर्माते सांगत आले आहेत. कोलोराडो नदीच्या पूर्वेला तुम्हाला जे मौन ऐकू येते, ते वेळापत्रकाचे मौन आहे.

सायबरपंक २०७७ (२०२०) चे उदाहरण घ्या. शहरभर मेट्रोची स्थानके बांधलेली होती, डोक्यावरून रूळ गेलेले होते, जाहिरातींत गाडीत बसलेले पात्रही दाखवले होते. प्रत्यक्ष गेममध्ये मात्र ते स्थानक केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात पोचण्याचे बटण होते. पुढच्याच वर्षी एका चाहत्याने मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेली भर, करून गाडी चालवून दाखवली आणि खेळाडू खिडकीशी बसून शहर पाहू लागले. डिसेंबर २०२३ मध्ये २.१ या पॅचबरोबर, म्हणजे कंपनीच्या सुधारणेबरोबर, अधिकृत मेट्रो आली. आपला नियम पाळला असता, तर ती स्थानके पावित्र्य जपत तशीच पडून राहिली असती. आणि एक लक्षात घ्या, या मॉडमध्ये विधवा नव्हती, शापित खाण नव्हती, नकाशावर नवी खूणही जवळजवळ नव्हती. तरीही मोकळी जागा भरली गेली आणि शहराकडे पाहण्याची नजर अधिकच मोकळी झाली.

शून्य_टक्कर

मूळ लेख आणि वरचा प्रतिसाद, दोन्हींत 'जागा' हा शब्द फार सैलपणे वापरला गेला आहे. गेमच्या फाइलींत ज्याला आपण न वापरलेला भूभाग म्हणतो, तो अनेकदा जमीन नसतोच. स्कायरिमच्या सरहद्दीपलीकडचे दूरचे डोंगर कमी तपशिलाच्या जाळीचे असतात. त्यांना कितीतरी ठिकाणी टक्कर नसते, म्हणजे पाय ठेवला की पात्र आरपार खाली जाते. पात्रांना चालायला नेव्हमेश लागतो, म्हणजे पाऊल कुठे टाकता येते हे संगणकाला सांगणारे त्रिकोणांचे अदृश्य जाळे, आणि ते हाताने विणावे किंवा निदान हाताने दुरुस्त करावे लागते. ते नसेल तर आडवाट यांची विधवा जिथे ठेवली तिथेच उभी राहील, लांडगा खडकावर डोके आपटत राहील.

जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) ३ (२००१) मध्ये शोअरसाइड व्हेलच्या डोंगरामागे 'भुताचे गाव' म्हणून प्रसिद्ध असलेला रस्ता आहे. तो सुरुवातीच्या बँकदरोड्याच्या दृश्यासाठी केलेला देखावा. छाटलेल्या पंखांचे डोडो विमान कसेबसे उडवत तिथे पोचणारे लोक पाहतात ते काय? नाटकाचा पडदा मागच्या बाजूने. त्याच मालिकेतल्या सॅन अँड्रियास (२००४) मध्ये तर घरांच्या आतल्या खोल्या चक्क आकाशात, नकाशाच्या फार वर टांगून ठेवल्या आहेत. दारातून आत शिरताना खेळाडूला तिथे नेऊन सोडले जाते. यांतले काय 'भरायचे' आणि काय 'राखायचे'?

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. मॉड ही वेगळी फाइल असते. ती मूळ डेटा पुसत नाही, त्याच्यावर आपला थर चढवते. मॉडच्या यादीतून खूण काढली की तुमचा ओसाड उतार पुन्हा तिथेच असतो. (मधल्या सेव्ह फाइलींचे काय होते, हा निराळा आणि दुःखद विषय आहे, क्वेस्टचा मॉड अर्ध्यात काढून टाकणाऱ्याने नंतर गेम कोसळतो म्हणून तक्रार करू नये.) जे नष्टच होत नाही, ते राखण्याची हाक कशासाठी?

कोनाडा

शून्य_टक्कर यांचा युक्तिवाद फाइलीपुरता खरा आहे, अनुभवापुरता नाही. एकदा तिथे काय 'आहे' हे कळले की ते न कळल्यासारखे करता येत नाही.

शॅडो ऑफ द कोलोसस (२००५) या गेममध्ये १६ महाकाय प्राणी आहेत आणि त्यांच्यापलीकडे जवळजवळ संपूर्ण नकाशा निर्मनुष्य आहे. सोळा संपल्यावरही लोक थांबले नाहीत. सतरावा कुठेतरी असणार, या एका समजुतीवर खेळाडूंनी वर्षानुवर्षे कडे चढले, समुद्रकिनारे पिंजून काढले, डिस्कवरचा डेटा उकलून गाळलेल्या प्राण्यांचे अवशेष शोधले. सतरावा सापडला नाही, कारण तो नव्हताच. परंतु त्या शोधामुळे लोकांना नकाशातला दगड न् दगड जितका ठाऊक झाला, तितका तो कोणत्याही क्वेस्टने करून दिला नसता. २०१८च्या नव्या आवृत्तीत त्या शोधाची दखल म्हणून ७९ सोन्याची नाणी नकाशाभर विखुरली गेली आणि ती सगळी जमवणाऱ्यासाठी एक बंद दार उघडले. हेतू चांगला होता, मला त्यात कृतज्ञताही दिसली. पण आता त्या कड्यांवर जाणारा माणूस नाणी मोजत जातो. अधिकृत हातांनी, इतक्या अदबीने केलेली भरणीसुद्धा जर हे करते, तर हौशी लेखनाकडून काय अपेक्षा ठेवायची? चाहत्यांच्या क्वेस्टमधले लोक फार बोलतात. निर्मात्याला जागा रिकामी सोडण्याचे धैर्य असते, नवख्याला एक संवादसुद्धा सोडवत नाही.

खडूची_रेघ

मी स्वतः क्वेस्ट लिहिते, त्यामुळे 'हौशी लेखन' हा शब्द जरा झोंबला. तरीही वरच्या शेवटच्या वाक्याशी मी निम्मी सहमत आहे, कारण माझ्या पहिल्या मॉडमध्ये एका म्हाताऱ्या कोळ्याला मी चाळीस ओळींचे स्वगत दिले होते आणि तो ते पावसात उभा राहून म्हणत असे.

आता दुसरी बाजू. स्कायरिमसाठी २०१५ साली आलेला 'द फरगॉटन सिटी' हा मॉड एका भूमिगत नगरात घडतो, जे मूळ नकाशावर कुठेच नव्हते. त्याच्या संहितेला ऑस्ट्रेलियातल्या लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये आलेल्या फॉलआउट: लंडन या मॉडच्या मंडळींनी अमेरिकेतला एखादा मोकळा कोपरा न घेता मूळ मालिकेने कधी न दाखवलेले शहरच घेतले. आडवाट म्हणतील, हे तर माझेच म्हणणे, नवी भूमी उभारा. पण नवी भूमी उभारायला वर्षे जातात आणि माणसांचा जथा लागतो. एकट्या माणसाला डोंगराच्या कुशीतली एक विसरलेली घळ मिळाली, की तीन-चार महिन्यांत काहीतरी पुरे होते. माझ्या बहुतेक क्वेस्टचा जन्म असाच झाला: आधी जागा दिसली, मग इथे कोण राहत असेल असा प्रश्न पडला. जागा पाहणे आणि तिथे गोष्ट सुचणे या दोन गोष्टी आडवाट यांनी मूळ लेखात एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या आहेत. माझ्या बाबतीत ती एकच क्रिया आहे.

अधिक चिंतेची बाब वेगळीच आहे. विचर ३ (२०१५) साठी २०२१ मध्ये चाहत्यांनी केलेल्या एका क्वेस्टमध्ये नायक गेराल्टचा आवाज संगणकाने तयार केला होता, मूळ नटाने ते संवाद म्हटलेच नव्हते. आवाज हुबेहूब असल्याचे कौतुक झाले आणि त्याच कारणाने टीकाही. कोणाच्या परवानगीशिवाय काय भरावे, ही चर्चा करायचीच असेल, तर ती ओसाड डोंगरापेक्षा माणसाच्या गळ्याबद्दल आधी व्हावी असे मला वाटते.

चौकस

परवानगीचा विषय निघाला म्हणून सांगतो. सॅन अँड्रियासच्या फाइलींत बंद करून ठेवलेला एक कामुक प्रसंग २००५ मध्ये मॉडने उघडला गेला, तेव्हा अमेरिकेत त्या गेमचे वयोगटाचे मानांकन थेट प्रौढांपुरते करण्यात आले आणि कंपनीला तो भाग काढून नवी आवृत्ती आणावी लागली. न वापरलेला मजकूर म्हणजे निरुपद्रवी अडगळ, असे त्यानंतर कोणत्याही मोठ्या कंपनीला वाटत नसावे. जीटीए ४ चे लिबर्टी सिटी जीटीए ५ मध्ये आणणारा प्रकल्प जानेवारी २०२५ मध्ये प्रकाशकांशी बोलणे झाल्यावर मागे घेण्यात आला. भरू नये हा आपला आग्रह वकिलांच्या फार उपयोगी पडेल, एवढेच आडवाट यांच्या नजरेस आणून देतो.

आडवाट

वकिलांच्या बाजूला जाऊन बसण्याची माझी इच्छा नाही. बंदी घालावी असे मी म्हटले नव्हते. मॉड करणाऱ्याने स्वतःहून हात आवरावा, एवढेच म्हटले होते.

मेट्रोचा मुद्दा मला मान्य करावा लागतो आणि त्यामुळे माझे विधान आकसते. स्थानक बांधलेले होते, फलक लावलेले होते. ती जागा प्रवाशाची वाट पाहत होती. तिथे गाडी आणणे हे अर्धवट वाक्य पुरे करण्यासारखे आहे. स्कायरिमपलीकडचा उतार कोणाची वाट पाहत नव्हता. तो लांबून क्षितिज दिसावे म्हणून होता. या दोहोंत मी फरक करायला हवा होता.

मात्र थर काढला की मूळ जागा परत मिळते, हे सर्वत्र लागू नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये २००४ पासून माउंट हायजाल हा अपुरा प्रदेश नकाशात होता. लोक भिंतींवर उड्या मारत, खडकांच्या फटींतून घुसत तिथे पोचत. कंपनी फटी बुजवी, लोक नव्या शोधत. २०१० मध्ये कॅटाक्लिझम या विस्ताराबरोबर हायजाल रीतसर उघडले आणि त्यात भरपूर क्वेस्ट आल्या. सर्व्हर कंपनीचा, त्यामुळे खेळाडूला स्वतःहून मागे फिरण्याची सोय नाही. मी तिथल्या क्वेस्ट केल्या. बऱ्या होत्या. तळ्याकाठी मात्र पूर्वी शांतपणे बसता येत असे, तिथे आता रांग होती.

शून्य_टक्कर

हायजाल कंपनीने भरले, चाहत्यांनी नाही. तेव्हा ते आपल्या धाग्याचे उदाहरण ठरत नाही, आपल्या दुःखाचे ठरेल.

आपला नवा निकष मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. मॉरोविंड (२००२) मध्ये व्वार्डनफेल हे एकच बेट आहे. भोवतालचा मुख्य भूप्रदेश त्या गेममध्ये नाहीच, पाण्यात पोहत राहिले तर पाणीच लागत जाते. टॅमरिएल रीबिल्ट हा चाहत्यांचा प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ त्याच पाण्याच्या जागी तो भूप्रदेश रचत आहे, गावांसकट आणि क्वेस्टसकट. त्या समुद्राला क्षितिज दाखवण्यापलीकडे काही काम नव्हते. म्हणजे आपल्या निकषाने तो राखायला हवा. पण तीच भूमी चाहत्यांनी शून्यातून उभारलेली आहे, म्हणजे मूळ लेखातल्या आपल्याच सवलतीने ती चालायला हवी. शिवाय २००३ मध्ये ब्लडमून या विस्तारात खुद्द निर्मात्यांनी त्याच पाण्यात सोल्सथाइमचे बेट आणून ठेवले. यांपैकी कोणता नियम वरचढ?

आडवाट

सवलत वरचढ. समुद्र मी सोडला. डोंगर सोडत नाही.

खडूची_रेघ

डोंगर नको असतील तर माझ्या चालू कामातली घळ तेवढी राहू द्या. तिच्यात मी अजून कोणालाही वस्तीला ठेवलेले नाही. नेव्हमेश विणून झाला आहे, त्यामुळे सध्या तिथे फक्त एक हरीण हिंडते आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखा एकही संवाद नाही.