काम सुटलंय, देवाची वाट पाहतोय: थांबायचं कुठे आणि हात चालवायचे कुठे?

ऐरोलीची_वेल
सलाम सगळ्यांना. आमच्या प्रार्थनागटात सध्या तिघांचं काम सुटलंय. एक भाऊ तीन महिने अर्जच करत नाही, 'प्रभू दार उघडेल' एवढंच म्हणतो. दुसरा बरोबर उलटा: परदेशी कामासाठी एका एजंटला दीड लाख द्यायला निघालाय, म्हणतो हेच ते दार. तिसऱ्याच्या घरी किराण्याचीच ओढाताण आहे, पण तो बोलत नाही. बुधवारच्या सभेत यावर बसायचंय. वचनातून आणि व्यवहारातून, दोन्ही बाजूंनी सांगा. नुसतं 'प्रार्थनेत राहा' नको.

तलावपाळी
बायबलमधल्या नहेम्याचे (पारसच्या राजाचा यहूदी चाकर) पहिले दोन अध्याय सलग वाचा, महिन्यांच्या नावांवर बोट ठेवून. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी त्याला किस्लेवमध्ये कळते, राजापुढे तो तोंड उघडतो नीसानमध्ये. मधले चारेक महिने वाट पाहण्याचे. पण राजा 'तुला काय पाहिजे?' विचारतो तेव्हा त्याची मागणी बघा. परत कधी येणार त्याची मुदत. नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं. राजाच्या रानाचा रखवालदार आसाफ, त्याच्या नावाने लाकडासाठी वेगळं पत्र. लाकूड कशाला, तेही ठरलेलं: गढीच्या दरवाजांना, तटाला आणि स्वतःच्या राहत्या घराला. असं उभ्या उभ्या सुचत नाही. रखवालदाराचं नावसुद्धा माहीत करून ठेवलेलं होतं. राजाचं मन वळवणं त्याच्या हातात नव्हतं, ते त्याने देवावर सोपवलं. हिशेब हातात होता, तो त्याने केला. पुढे तट ५२ दिवसांत उभा राहिला.

म्हणून पहिल्या भावाला वही घालायला सांगा. डाव्या पानावर जे फक्त देवाच्या हातात आहे ते: मुलाखत घेणाऱ्याचं मन, कुठे जागा निघणं. उजव्या पानावर आजचं काम: रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन पगारांच्या स्लिपा मिळाल्या का, पीएफच्या खात्यात काम सोडल्याची तारीख पडली का (कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला भरता येते), महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवलं का, आज अर्ज किती गेले. डाव्या पानासाठी प्रार्थना. उजव्यासाठी प्रार्थना आणि काम. घोटाळा होतो तो उजवीकडची गोष्ट डावीकडे लिहिली जाते तेव्हा. 'प्रभू, अर्ज करायची इच्छा दे' म्हणत आठ दिवस जातात, अर्जाला लागतो अर्धा तास.

कळवा_पूर्व
दुसऱ्या भावाचं आधी थांबवा, ते बुधवारपर्यंतही ठेवू नका. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी इतकंच घेता येतं, पावती देऊन. दीड लाख मागतोय तिथेच उत्तर आहे. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासा. व्हिजा टुरिस्ट आहे की कामाचा, तेही बघा. करार हातात येण्याआधी एक रुपया नाही.

वचनातून १ शमुवेल १३ घ्या. राजा शौल संदेष्टा शमुवेलाची वाट बघत गिलगालला सात दिवस थांबला, म्हणजे सांगितलेली मुदत त्याने काढली. शमुवेल दिसेना, लोक पांगू लागले, तेव्हा त्याने स्वतःच होमार्पण केलं. ते आटोपतं न आटोपतं तोच शमुवेल हजर. कृती केली हा त्याचा दोष नव्हता. दुसऱ्याला नेमून दिलेलं काम त्याने भीतीपोटी उरकलं, हा दोष. या भावाला एकच विचारा: आज पैसे दिले नाहीत तर काय बुडेल? 'संधी जाईल' असं उत्तर आलं तर लोक पांगताहेत म्हणून चाललेली ती घाई आहे.

ऐरोलीची_वेल
एजंटचा क्रमांक आजच मागवतो. पण तलावपाळी दादा, वहीचं पहिल्या भावाला सांगितलं की तो मान हलवतो आणि घरी जाऊन झोपतो.

पहाटेचा_पहारा
मग तो अविश्वासूही नाही आणि आळशीही नाही, थकलाय. १ राजे १९ उघडा. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून 'आता माझा प्राण घे' म्हणतो. देव त्याला आधी उपदेश करत नाही. झोप, निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचा चंबू. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. कामाचं बोलणं होरेब डोंगरावर, खूप नंतर.

वही त्याच्या हातात देऊ नका, तुमच्यापैकी एकाने सकाळी दहाला त्याच्या घरी जाऊन शेजारी बसा. पहिला अर्ज दोघांनी मिळून भरायचा, त्या दिवशी एकच. झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याला उपास करायला मात्र सांगू नका, निदान आत्ता नाही.

डीकन_वाशी
तिसऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि याकोब २:१५-१६ नेमकं त्याच्याबद्दल आहे: अन्नवस्त्र नसलेल्याला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून वाटेला लावणं. इथे देवाकडून आणखी खूण यायची नाहीये, आज्ञा दिलेली आहे.

चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण: तांदूळ १० किलो, गव्हाचं पीठ १२, तूरडाळ ३, बाकी कडधान्यं २, तेल ४ लिटर, साखर ३ किलो, चहा अर्धा किलो, साबण, आणि सिलेंडरचे पैसे. सिलेंडर हमखास विसरतात, मग घरात तांदूळ असून चूल पेटत नाही. शाळेची फी थेट शाळेत भरा, पावती त्यांना द्या. तीन महिन्यांचं आधीच ठरवून सांगा, म्हणजे दर महिन्याला त्या घरच्या माऊलीला तोंड उघडावं लागणार नाही. दोघांनी जायचं, अंधार पडल्यावर, साध्या पिशवीतून. फोटो नाही, व्हॉट्सॲपवर नाव नाही, सभेत 'अमक्यासाठी प्रार्थना करू' नाही. हिशेब दोघांच्या सहीने ठेवा.

तलावपाळी
डीकन दादांचं बरोबर, मी सुरुवात तिथूनच करायला हवी होती. बुधवारचे दोन तास निम्मे करा: पहिला प्रार्थनेला, दुसऱ्यात टेबल मांडून बायोडेटा, पीएफ, किराण्याची यादी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीपासून पंडिता रमाबाईंनी बायकांची रोजची प्रार्थना लावली, त्याच आवारात शेती, विणकाम आणि छापखानाही होता. लॅपटॉप दोन तरी आणा, मोबाईलवर बायोडेटा धड होत नाही.

ऐरोलीची_वेल
लॅपटॉप मिळतील. एजंट क्रमांक द्यायला तयार नाही, पैसे थांबवलेत. किराणा शनिवारी अंधार पडल्यावर.