डोमेनला ‘डिजिटल भूखंड’ म्हणणाऱ्यांना काही प्रश्न

हिशेबनीस, सांगली

गेल्या आठवड्यात आमच्या व्यापारी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटात एक लांबलचक पोस्ट फिरली. तिचा मथितार्थ असा की, विश्रामबागेत गुंठा घेणे आता सामान्य माणसाच्या आवाक्यात उरलेले नाही, तेव्हा शहाण्याने हजार-बाराशेला एक या भावाने शंभर डोमेन, म्हणजे वेबसाइटची इंटरनेटवरची नावे, घेऊन ठेवावीत; त्यांतले एक जरी लागले तरी पोरांच्या शिक्षणाची सोय झाली. पुराव्यादाखल व्हॉइस डॉट कॉम हे नाव २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला विकले गेल्याचा दाखला होता, आणि अखेरीस ‘मार्गदर्शन सशुल्क’ अशी ओळ होती. खाली अंगठे उंचावणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

भूखंड एकदा खरेदी केला की तो तुमचा होतो. डोमेन मात्र कोणालाच कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीपुरता वापराचा हक्क मिळतो, आणि डॉट कॉमच्या बाबतीत ही मुदत एका वेळी दहा वर्षांपलीकडे जात नाही. पैसे भरायचे थांबलात की हक्क संपला. शिवाय या भाड्याचा दर तुमच्या हातात नाही. डॉट कॉमचा घाऊक दर २०२१ च्या उन्हाळ्यात ७.८५ डॉलर होता, तो दरवर्षी चढत सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, नफा आणि अठरा टक्के जीएसटी धरला की एका नावाचे नूतनीकरण बाराशेच्या आसपास जाते. पहिल्या वर्षीच्या सवलतीला भुलून शंभर नावे घेणाऱ्याला दुसऱ्या वर्षी एक लाख वीस हजारांचे बिल येते, आणि ते दरवर्षी येत राहते.

आता जमेची बाजू पाहू. हाताने नोंदवलेल्या, म्हणजे कोणाकडून विकत न घेता नव्याने नोंदवलेल्या, शंभर नावांतील वर्षाकाठी एखादे, फार तर दोन विकले जातात, असे या धंद्यात मुरलेले लोकच सांगतात. बाजारपेठेची दलाली वीस टक्के धरली, तर एकच नाव विकले गेलेल्या वर्षी ते दीड लाखाला जायला हवे, तेव्हा कुठे केवळ नूतनीकरणाचा खर्च निघेल. ‘सांगलीबेस्टहळदऑनलाइन’ अशा नावाला दीड लाख मोजणारा गिऱ्हाईक कोणी पाहिला असेल तर कृपया पत्ता द्यावा.

व्हॉइस डॉट कॉम विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही अमेरिकेतील मोठी सॉफ्टवेअर कंपनी आणि घेणारी ब्लॉक डॉट वन ही आभासी चलनातून अब्जावधी डॉलर उभी केलेली कंपनी होती. त्या सौद्यावरून आपला भाव ठरवणे म्हणजे मुंबईत मलबार हिलवर बंगला किती कोटींना गेला हे वाचून पलूसच्या जिरायतीचा दर लावण्यासारखे आहे. निदान जमिनीला रेडी रेकनर तरी असतो, आणि अडीनडीला बँक तिच्यावर कर्ज देते. डोमेनची यादी घेऊन बँकेत गेलात तर शाखाधिकारी चहा पाजून परत पाठवतील. या सगळ्यात ज्याचा नफा ठरलेला आहे, तो नावे विकणारा रजिस्ट्रार आणि ‘मार्गदर्शन’ करणारा, एवढे दोघेच.

मिरज जंक्शन

हिशेबनीस, आपली बेरीज बरोबर आहे, पण ती चुकीच्या मालाची आहे. आपण नासकी द्राक्षे तोलून बेदाण्याचा धंदाच बुडीत ठरवला आहे. मी अनेक वर्षे हे काम करतो, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो.

जाणता माणूस शंभर नवी नावे एका रात्रीत नोंदवत नाही. तो मुदत संपून सुटणाऱ्या नावांच्या याद्या रोज चाळतो. डॉट कॉमचे नाव संपले की बहुधा महिना-दीड महिना सवलतीचा काळ मिळतो, त्यानंतर तीस दिवस जादा दंड भरून सोडवून घेण्याची मुदत असते, आणि मग पाच दिवसांनी ते मोकळे होते. बरीचशी चांगली नावे तर त्याआधीच लिलावात जातात. तिथे दोन साध्या शब्दांचे, कानाने ऐकून बिनचूक टाइप करता येईल असे आणि ज्या धंद्यात निदान दहा-बारा सधन गिऱ्हाइके आहेत त्या धंद्याचे नाव पकडायचे असते. भारतीय गिऱ्हाईक असेल तर डॉट इनही चालते. आणि दरवर्षी नूतनीकरणाआधी यादीवर निर्दयपणे काट मारायची. ज्या नावाची वर्ष-दोन वर्षांत कोणी साधी चौकशीही केली नाही, ते सोडून द्यायचे. नवशिके बुडतात ते नेमके इथे, कारण स्वतः सुचलेले नाव टाकून देणे त्यांच्या जिवावर येते.

एक उदाहरण देतो. शेतमाल साठवणुकीशी संबंधित एक नाव माझ्याकडे पडून होते. एका रात्री उशिरा साध्या जीमेलवरून एका ओळीची विचारणा आली: नाव विकायचे आहे का? अशी विचारणा करणारा पुष्कळदा कंपनीचाच माणूस असतो आणि भाव चढू नये म्हणून ओळख लपवतो. मी किंमत कळवली आणि तिकडे सामसूम झाली. मी पाठपुरावा केला नाही, कारण आपण दुसऱ्यांदा मेल टाकला की भाव निम्मा होतो. मार्च अखेरीस, बहुधा त्यांचे बजेट उरल्यामुळे, तेच गृहस्थ परत आले. रक्कम एस्क्रोत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाकडे, जमा झाली, मी ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा परवलीचा शब्द, दिला, नाव त्यांच्या खात्यात पोचल्यावर पैसे माझ्या खात्यात आले. त्या एका व्यवहारात माझ्या साऱ्या यादीचे कित्येक वर्षांचे नूतनीकरण फिटले. याला जुगार म्हणायचे असेल तर हळदीच्या सौद्यांनाही म्हणा.

मोती चौक, सातारा

धंदा चोख आहे की बुडीत, हे तुम्ही दोघे ठरवा. ज्यांच्या जिवावर हा धंदा चालतो त्यांच्यातला मी एक आहे, म्हणून माझेही ऐकावे.

आमचे कंदी पेढ्यांचे दुकान आजोबांच्या वेळचे आहे. काही वर्षांपूर्वी एका पोराकडून वेबसाइट करून घेतली. त्याने पॅकेज सांगितले, आम्ही पैसे दिले, दरवर्षी देत राहिलो. आता धाकट्या भावाला ऑर्डर ऑनलाइन घ्यायच्या आहेत, तेव्हा कळले की दुकानाच्या नावाचे डोमेन त्या पोराच्या खात्यात आहे. मागितले तर म्हणतो, ‘बाजारभावाने साठ हजार होतात.’ आमच्या आजोबांच्या नावाचा बाजारभाव आम्हालाच सांगतो! वर ऐकवतो की ही त्याची ‘गुंतवणूक’ आहे. नेमका हाच शब्द वरच्या गृहस्थांनी वापरला असता तर मला नवल वाटले नसते.

मिरज जंक्शन

मी तो शब्द वापरलेला नाही, आणि आपण मला त्या पोराच्या पंगतीला बसवू नये. कोणा दुकानदाराचे किंवा कंपनीचे नाव अडवून पैसे मागणे याला आमच्यातही कोणी गुंतवणूक म्हणत नाही. मात्र राग येणार असेल तरी विचारतो: पैसे दिलेत तेव्हा पावती कोणाच्या नावाची घेतली? डोमेन कोणाच्या नावावर नोंदले गेले, हे एकदाही पाहिले का? साताऱ्यात दुकानाचा गाळा घेताना आपण इंडेक्स टू न पाहता पैसे मोजले असते का? हजार रुपयांची दक्षता घेतली नाही आणि आता साऱ्या व्यवसायाला चोर म्हणता.

मोती चौक, सातारा

म्हणजे चोरी झाली ती घरमालकाने कुलूप नीट पाहिले नाही म्हणून! पहाटे चारला खवा आटवायला उभे राहणाऱ्या माणसाने रजिस्ट्रार म्हणजे काय हे शिकावे, आणि ज्याला ते येते त्याने त्या अडाणीपणाचे भाडे खावे, असाच तुमचा न्याय दिसतो. तुमचा तो जीमेलवरचा गिऱ्हाईकही कदाचित असाच नाडलेला असेल. त्याच्या धंद्याला हवे असलेले नाव तुम्ही दाबून बसला होतात, याखेरीज तुम्ही त्यात भर काय घातली, ते सांगा.

हिशेबनीस, सांगली

अगदी हाच प्रश्न मला विचारायचा होता.

मिरज जंक्शन

हिशेबनीस, दुसऱ्याच्या भांडणात आयते टाळ कुटू नका. भर काय घातली? पैसे गुंतवून नाव जपले आणि मागणाऱ्याला एका दिवसात दिले. मार्केट यार्डात हळदीची पोती धरून बसणारा अडत्या काय वेगळे करतो? त्याला कोणी जाब विचारत नाही, कारण तो ओळखीचा असतो.

अभंगप्रेमी, वाई

मंडळी ज्या इंग्रजी अक्षरांच्या नावांवरून भांडत आहेत, त्यांची मुळात गरजच काय? डॉट भारत ही देवनागरीतील व्यवस्था ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे. सर्व दुकानांनी मराठी लिपीत नावे घेतली असती, तर हा बाजार उठलाच असता. पण आपल्याच लोकांना आपल्या अक्षरांची लाज वाटते, त्याला कोण काय करणार!

मिरज जंक्शन

मास्तर, आपल्या भावनेला नमस्कार. पण तिथेही जो आधी नोंदवेल त्यालाच नाव मिळते, त्यामुळे पेढेवाल्यांचे नाव देवनागरीतही त्याच पोराने घेतले असते. माझ्याकडे अशी काही नावे होती. एकाचीही चौकशी न आल्यामुळे सोडून दिली. हवी असतील तर मोकळी आहेत.

वकील, कराड

दोन्ही बाजूंनी कायद्याविषयी मोघम बोलले जात आहे, म्हणून लिहिते. डोमेनच्या नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात स्पष्ट केले आहे. डॉट कॉमसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय तक्रार पद्धत आहे. तिथे नाव आपल्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले व वापरलेही, अशा तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डॉट इनची स्वतंत्र पद्धत आहे. तिथे नोंदणी किंवा वापर यांपैकी एक जरी दुष्ट हेतूने झाले तरी पुरते. मिरजकरांनी आपली डॉट इनची यादी या नजरेने एकदा तपासावी. विशेषतः ‘सांगली हळद’ किंवा ‘सांगली बेदाणा’ असले काही त्यात असेल तर, कारण या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि अशा नावावर उत्पादकांची संस्था हरकत घेऊ शकते.

मात्र मोठे नाव असले की खरा मालक आपोआप जिंकतो, असेही नाही. अमेरिकेत निसान हेच आडनाव असलेल्या एका गृहस्थांनी १९९४ मध्ये निसान डॉट कॉम नोंदवले होते. मोटार कंपनीने १९९९ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. खटला वर्षानुवर्षे चालला, पण नाव २०२० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. रास्त हक्क असलेल्या माणसाला कायदा उघड्यावर टाकत नाही.

आता पेढेवाल्यांविषयी. तुमचे चिन्ह नोंदणीकृत नसले तरी दीर्घ वापराचा पुरावा चालतो. पण अशा तक्रारी ऐकणाऱ्या जिनिव्हाच्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा) संस्थेकडे डॉट कॉमची तक्रार करायची तर एका पंचासाठी केवळ शुल्कच १,५०० डॉलर आहे, म्हणजे त्या मुलाने मागितलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक. शिवाय नाव तुमच्याच सांगण्यावरून नोंदवलेले असल्यामुळे, हा कराराचा वाद आहे, असे म्हणून पंच हात झटकण्याचा धोका आहे. आधी साधी वकिली नोटीस पाठवणे शहाणपणाचे.

हिशेबनीस, सांगली

वकीलबाईंचे आभार. मिरजकरांचा एक मुद्दा मी मान्य करतो: सुटलेली नावे लिलावात पारखून घेणे आणि दरवर्षी यादी छाटणे हे कौशल्याचे काम आहे, आणि माझे गणित त्या माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही. पण मग ती गुंतवणूक राहिली कुठे? रोज याद्या चाळायच्या, लिलावात बसायचे, गिऱ्हाइकाचा मनोभाव ओळखायचा, कायद्याची कड सांभाळायची. हा पूर्णवेळ व्यापार झाला. गटातील पोस्टमध्ये मात्र ‘घेऊन ठेवा आणि विसरून जा’ असे लिहिले होते. मिरजकरांनी विकलेल्या एका नावाची गोष्ट रंगवून सांगितली. टाकून दिलेल्या नावांवर आजवर किती पैसे गेले, तेही एकदा सांगावे.

मिरज जंक्शन

वा, म्हणजे मी जिंकलो तरी आपणच बरोबर! टाकलेल्या नावांचा खर्च मी दरवर्षी धंद्याच्या खर्चात धरतो. आकडा माझ्या सीएला ठाऊक आहे आणि तेवढे पुरे. ‘विसरून जा’ असे सांगणारा मार्गदर्शक भोंदू आहे, याबाबत आपले एकमत आहे असे खुशाल लिहा. विसरलेल्या नावांवरच तर आमच्यासारख्यांचे लिलाव चालतात.

पेढेवाल्यांना एवढेच सांगतो की, नोटीस जाऊ द्या, पण त्या नावाची मुदत कधी संपते हे आधी पाहा. २०१८ पासून बहुतेक नोंदींमध्ये मालकाचे नाव झाकलेले असते, पण मुदतीची तारीख सर्वांना दिसते. नोटिशीला घाबरून किंवा कंटाळून अशी पोरे पुष्कळदा नूतनीकरणच करत नाहीत, आणि मग नाव तिसराच कोणी उचलतो. तारीख मला कळवा, मी बॅकऑर्डर, म्हणजे नाव सुटताच ते आपल्याला मिळावे अशी आगाऊ मागणी, लावून ठेवतो. लिलाव झाला तर तिथली रक्कम तुम्ही भरायची, माझ्या मेहनतीचे मी काही घेणार नाही.

मोती चौक, सातारा

तारीख भावाने पाहिली, जूनमध्ये संपते. ताई, जुनी पावती सापडली, पण तिच्यावर ‘वेबसाइट पॅकेज’ एवढेच लिहिले आहे.

मिरजकर, बॅकऑर्डर लावा. मात्र खाते माझ्या नावाने उघडायचे, आणि पावतीही माझ्याच नावाची हवी.

वकील, कराड

पॅकेजची पावती चालेल. तिच्यासोबत दरवर्षी पैसे दिल्याचे बँकेचे उतारे, त्या मुलाशी झालेले संदेश आणि दुकानाचा जुना परवाना घेऊन या. साठ हजारांची मागणी त्याने लेखी केली असेल तर तो संदेश चुकूनही पुसू नका.