शब्दचर्चा: कीबोर्डचा 'थॉक' मराठीत काय म्हणावा?

कळफलकी:
मेकॅनिकल कीबोर्डवर, म्हणजे ज्यात प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच असतो त्यावर, मराठीत लिहायला घेतलंय. स्विच खोलायचा कसा, वंगण कुठे द्यायचं, आवाज कसा सुधारायचा, हे सगळं नवख्याला कळेल असं. भागांची नावं जमली: वरचं कवच, खालचं कवच, मधला दांडा, स्प्रिंग आणि संपर्क जोडणारी धातूची पत्ती. अडलं ते आवाजापाशी आणि बोटाला जे जाणवतं त्यापाशी. या नादातली मंडळी 'थॉक', 'स्क्रॅची', 'टॅक्टाइल', 'पिंग' अशीच बोलतात. कॉलेज रोडवर चहा घेताना ते खपून जातं, पण लेखात ओळीओळीला असे शब्द आले की वाचणारा पळतो.

माझी कच्ची यादी: स्क्रॅची म्हणजे खरखरीत. स्प्रिंगचा पिंग म्हणजे किणकिण. स्टॅबिलायझरचा रॅटल म्हणजे खुळखुळ. (स्पेसबार, एंटर, शिफ्ट अशा लांब कळा दोन्ही टोकांना सारख्या खाली जाव्यात म्हणून खाली तार बसवलेली असते, तो स्टॅबिलायझर. कीबोर्ड स्वस्त असो की महाग, पहिला खुळखुळतो तोच.)

टॅक्टाइल, स्मूथ आणि थॉक या तिघांपुढे हात टेकले. थॉक म्हणजे कळ तळाला टेकताना येणारा खोल, दबका आवाज. त्यासाठी 'बद्द' सुचला होता. पण माठ घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर ठेवून देतो. मराठीत बद्द म्हणजे तडा गेलेला. आणि इथे लोक पैसे मोजून खणखणीतपणा घालवतात! काय करावं?

अंबडचा फिटर:
टॅक्टाइलला 'खटका' आहे की. दाराचा खटका, बंदुकीचा खटका. दाबताना मध्येच अडतं आणि सुटतं, त्याला आमच्या वर्कशॉपमध्ये दुसरा शब्दच नाही. चेरी कंपनीच्या स्विचच्या रंगांप्रमाणे सांगायचं तर लाल म्हणजे सरळ, बिनखटक्याचा, तपकिरी म्हणजे खटक्याचा, निळा म्हणजे खटका आणि वर टिकटिक. लालला साधारण ४५ ग्रॅमचा दाब लागतो, २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं आणि ४ मिलिमीटरवर दांडा तळाला टेकतो. 'बॉटम आउट'लाही 'तळाला टेकणे' पुरे.

खटका शब्द घेतलात तर पुढचं लिहिणंही सोपं होतं. दांड्याला दोन पाय असतात, ते पत्तीला ढकलतात. खटक्याच्या स्विचमध्ये उंचवटा त्या पायांवरच असतो. तिथे ग्रीस गेलं की खटका बोथट होतो. म्हणून सूचना एवढीच लिहा: 'खटक्याला ब्रश लावू नका'. निळ्याला तर वंगणाच्या भानगडीतच पडू नये, त्याची टिकटिकच बसते.

माझी हरकत 'वंगण देणे'ला आहे. वंगण म्हटलं की लोकांना बैलगाडीचं चाक आठवतं आणि हात भरून लावतात. इथे वंगण द्यायचं नसतं, फिरवायचं असतं. शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश घ्यायचा, खालच्या कवचातल्या ज्या दोन खाचांतून दांडा घसरतो त्यांत आणि दांड्याच्या कडांना लावायचं, दिसेल न दिसेल इतकंच. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना थोडं. किणकिण तिथूनच येते. जास्त झालं की कळ वर यायला आळस करते. लोक क्रायटॉक्स २०५ नावाचं ग्रीस वापरतात, त्यातली शून्य ग्रेड. फ्लोरिनच्या जातीच्या तेलात पीटीएफईची (म्हणजे टेफ्लॉनची) पूड घालून ते घट्ट केलेलं असतं, प्लास्टिकला खात नाही. शिवणयंत्राचं तेल नको. ते पातळ, ओघळून पत्तीपर्यंत जातं, आणि खनिज तेल काही प्लास्टिकना मानवत नाही.

जुनी टायपिंगवाली, नाशिकरोड:
खटक्याला माझं +१. क्लासमध्ये आम्ही आयुष्यभर गोदरेजच्या मशिनांवर मुलांचे हात बसवले. भारतात बनलेला पहिला टाइपरायटर गोदरेजचाच, १९५५ सालचा. त्या काळी मशीन 'जड' असायचं नाही तर 'हलकं'. तुमच्या ग्रॅमच्या हिशेबाला हेच दोन शब्द वापरा, 'कठीण' आणि 'मऊ' नकोत. मऊ गादी असते.

आणि स्मूथला कृपा करून 'गुळगुळीत' लिहू नका. गुळगुळीत म्हणजे पृष्ठभाग. गुळगुळीत कळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अक्षर झिजून गेलेली कळ येते. तेलपाणी झाल्यावर आम्ही म्हणायचो, मशीन आता 'मोकळं' चालतंय. तुमच्या वंगण लावलेल्या स्विचचं तेच.

अवांतर: वापरून वापरून स्विच आपोआप मोकळा होतो, असं भाचा सांगतो. त्याला ते 'ब्रेक-इन' म्हणतात म्हणे. आपण चपलेला म्हणतो तसं 'रुळणं' म्हणा. रुळलेला स्विच. कानाला बरं लागतं.

डग्गा:
आता थॉककडे येतो. कळफलकी, 'बद्द' सोडलात ते बरं केलंत. कोणी 'घुमणारा' सुचवेल, तोही घेऊ नका. आपला नाशिक ढोल घुमतो, कारण थाप पडल्यावर आवाज रेंगाळतो. गाण्याबजावण्यात त्याला 'आस' म्हणतात. थॉकला आस नसते. तबल्यावरचा बंद बोल ऐका, बोट पडलं की आवाज तिथेच संपतो. थॉक तसा, फक्त खालच्या पट्टीतला.

म्हणून माझे दोन शब्द: 'ठोका' आणि 'खर्ज'. खर्जातला ठोका.

अंबडचा फिटर:
डग्गासाहेब, ठोका म्हटलं की मला आपली तांबट आळी ऐकू येते. ठोक्याची भांडी घडताना जवळ उभं राहून बघा, कानात दडे बसतात. कसला खर्ज?

डग्गा:
बरोबर, म्हणून तर विशेषण हवं. ठोका म्हणजे नुसता आघात, तो तांब्यावर वरच्या पट्टीत वाजेल, नायलॉनवर खालच्या. नायलॉनच्या कवचाचा आवाज बहुधा खाली बसतो, पॉलिकार्बोनेटचा टोकदार निघतो. त्या टोकदार आवाजाला ते 'क्लॅक' म्हणतात, आपण 'टणक' म्हणू.

अजून एक गोष्ट. थॉक या एका शब्दात ते दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात असं मला वाटतं. कीबोर्डच्या पोटात फोम घातला किंवा सर्किटच्या पाठीला मास्किंग टेप चिकटवली की जातो तो पोकळपणा. मग आवाज 'भरीव' होतो. तो खालच्या पट्टीत जाईलच असं नाही. पट्टी ठरते ती बरीचशी कवच, दांडा आणि स्विच ज्या पट्टीत बसतात ती धातूची की प्लास्टिकची यावर. (पट्टी शब्द दोनदा आला. हलके घ्या.) लेखात भरीव आणि खर्ज वेगळे ठेवलेत तर वाचणाऱ्याला कळेल की कशासाठी काय करायचं. फोमवर पैसे घालून खर्ज शोधत बसणारे खूप पाहिलेत.

कळफलकी:
हे फारच कामाचं निघालं. लिहून बघितलं: 'नायलॉनच्या कवचाचा सरळ स्विच. हाताला हलका, वंगण फिरवल्यावर मोकळा चालतो, तळाला टेकताना ठोका खर्जात बसतो. फोम नसल्याने आवाज किंचित पोकळ. स्पेसबार अजून खुळखुळतो.'

टायपिंगवाल्या बाई, 'मोकळा'साठी विशेष आभार. थॉक शब्द एकदा, ओळख करून देताना येईल. एम. जी. रोडच्या दुकानात जाऊन 'खर्जातला ठोका द्या' म्हटलं तर दुकानदार तबल्याचं दुकान दाखवेल.

फिटरकाका, शेवटचं एक. वरच्या आणि खालच्या कवचाच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ कागद घालतात, त्याला 'फिल्म' म्हणतात. दोन भाग एकमेकांवर हलतात ते थांबावं म्हणून. हलण्याला मी 'झोल' लिहिलंय.

अंबडचा फिटर:
झोल लिहू नका, लोकांना घोटाळा वाटेल. आम्ही 'प्ले' म्हणतो. ते इंग्रजी वाटत असेल तर 'ढिलाई' लिहा. फिल्मला सातपूर-अंबडात कोणालाही विचारा, 'पॅकिंग' म्हणेल. आणि कवच मुळातच घट्ट असेल तर पॅकिंग घालू नका, वरचा भाग नीट बसत नाही.