जुन्या सेट टॉप बॉक्सचा रिमोट-सेन्सर पीसीला जोडलाय, ढिम्म हलत नाही. मदत हवी आहे

खटपट्या:
पीसी स्वतः जोडलाय, टीव्हीखाली ठेवलाय, त्यावर कोडी (सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) चालतं. दर वेळी उठून कीबोर्ड शोधायचा कंटाळा आला म्हणून बंद पडलेल्या सेट टॉप बॉक्समधला रिमोटचा सेन्सर काढला. मदरबोर्डवर 'आयआर' (इन्फ्रारेड) लिहिलेल्या पाच पिना आहेतच, तिथे तीन वायरी लावल्या. रिमोट दाबला तर काहीच होत नाही. सगळं बरोबर जोडलंय, दोनदा तपासलंय. रात्री पाहुणे यायच्या आत चालू व्हायला हवं. पटकन सांगा.

नटबोल्ट:
'काहीच होत नाही' म्हणजे नक्की काय? सेन्सरवर नंबर कोणता? कुठला पाय कुठे लावला? विंडोज की लिनक्स? रिमोट कशाचा? इथे कुणाला स्वप्नं पडत नाहीत हो.

सोफासम्राट:
वायरींच्या नादी कशाला लागता? कोडीचं मोबाईल अ‍ॅप टाका, वायफायवर मस्त चालतं. मी तर रिमोटच वापरत नाही.

खटपट्या:
अ‍ॅप माहीत आहे. घरातल्यांना रिमोट हवाय, म्हणून तर हा उद्योग. लिनक्स आहे. नंबर पुसला गेलाय. रिमोट जुन्या टीव्हीचा, चांगला आहे, मोबाईलच्या कॅमेऱ्यात दिवा लुकलुकताना दिसतो. पायांचं चित्र नेटवर बघितलं: डावीकडून आउटपुट, ग्राउंड, प्लस.

डागडुजी:
हे चित्र टीसॉप ४८३८ या सेन्सरचं. टीसॉप १७३८ असेल तर भिंग आपल्याकडे धरल्यावर डावीकडून ग्राउंड, प्लस, आउटपुट. दिसायला सख्खी भावंडं, पायांचा क्रम वेगळा. नंबर नसताना चित्रावरून जोडायचं म्हणजे जुगार. ज्या बोर्डवरून काढला तो फेकला नाही ना?

बोर्डबहाद्दर:
माझं ऐका, ३२यू४ चिपवाला छोटा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) घ्या. सेन्सर त्याला, तो यूएसबीला. पीसीला तो कीबोर्डच वाटतो, ड्रायव्हर नाही, काही नाही. अर्ध्या तासाचं काम.

नटबोल्ट:
बहाद्दर, प्रत्येक धाग्यात तुमचं उत्तर आर्डुइनोच असतं. परवा पंख्याच्या धाग्यातही तेच होतं.

बोर्डबहाद्दर:
कारण प्रत्येक वेळी ते चालतं!

खटपट्या:
बोर्ड कचऱ्याच्या पिशवीतून परत काढला. आता काय बघू?

डागडुजी:
सेन्सरच्या तीन भोकांपासून तांब्याच्या रेषा कुठे जातात ते बघा. जी रेषा बोर्डभर पसरलेल्या तांब्याला मिळते ते ग्राउंड. जिच्यावर लहानसा रेझिस्टर आणि कपॅसिटरचा प्लस पाय येतो ते प्लस. सेन्सरच्या पुरवठ्यात १०० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड घालायची पद्धतच आहे, पॉवर सप्लायची खरखर आत जाऊ नये म्हणून. उरलेली रेषा आउटपुट.

खटपट्या:
मधल्या भोकाची रेषा रेझिस्टरकडे जाते. डावी मोठ्या तांब्याला. म्हणजे मी प्लसच्या पायाला ग्राउंड दिलं आणि आउटपुटला ५ व्होल्ट. गेला का तो?

सोफासम्राट:
गेला. मला तर आधीच वाटलं होतं.

डागडुजी:
सम्राट, न बघता मयत करू नका. नीट ५ व्होल्ट द्या आणि आउटपुटवर मल्टिमीटर लावा. रिमोट दाबलेला नसताना जवळजवळ ५ दिसायला हवेत, कारण याचा आउटपुट एरवी वर असतो आणि सिग्नल आला की खाली जातो. दाबून धरल्यावर आकडा थरथरत खाली आला तर सेन्सर जिवंत. मीटर इतक्या वेगाने मोजत नाही, त्यामुळे शून्य दिसणार नाही, सरासरी दिसेल.

खटपट्या:
४.९ स्थिर. दाबल्यावर ४.३ च्या आसपास नाचतो. जिवंत आहे!! पण त्याच पाच पिनांवर नीट लावला तरी कोडी गप्पच.

फुलराणी:
बटणं चिकट झाली असतील तर रिमोट उघडून रबर धुवून घ्या, नवं होतं.

जुनंखोड:
मॅन्युअलमध्ये त्या पिनांना काय म्हटलंय? आयआरडीए असेल तर तिथे कितीही डोकं फोडा, उपयोग नाही. ते लॅपटॉप आणि फोन एकमेकांसमोर ठेवून फाइल पाठवायचे ना, त्यासाठी. त्या पिनेमागे सिरियल पोर्टची चिप असते, ठरावीक वेगाचे बिट मोजणारी. रिमोटचा सिग्नल वेगळा. ३६-३८ किलोहर्ट्झचे झोत, मधे मोकळी जागा, आणि सगळा अर्थ त्या लांबीत. सेन्सर झोत गाळून नुसती लांबी पुढे देतो, ती त्या चिपला कळत नाही.

उलटापालटा:
चूक. माझ्या बोर्डवर अशाच पिनांवर लावला, पहिल्या फटक्यात चालला.

जुनंखोड:
तुमच्या बोर्डवर सीआयआर असणार. ती रिमोटसाठीच केलेली पिन. दिसायला सारखी, नाव वेगळं.

उलटापालटा:
बघितलं. सीआयआरच आहे. असो.

खटपट्या:
माझ्या मॅन्युअलमध्ये आयआरआरएक्स, आयआरटीएक्स आहे आणि बायोसमध्ये आयआरडीए. म्हणजे सगळं पाण्यात?

जुनंखोड:
पाण्यात नाही. बोर्डवर कॉम (म्हणजे सिरियल पोर्ट) लिहिलेली नऊ पिनांची जागा आहे का? असेल तर तिची पहिली पिन डीसीडी, म्हणजे पोर्टची एक इनपुट पिन. कॉम हेडरची जोडणी दोन पद्धतींची असते, पण पहिली पिन दोन्हींत डीसीडीच, त्यामुळे चुकणार नाही. आउटपुट तिथे. ५ व्होल्ट आणि ग्राउंड पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगमधून घ्या: लाल ५, काळी ग्राउंड. पिवळीला हात लावू नका, ती १२ आहे. बोर्डवरचा तो रेझिस्टर आणि कपॅसिटरही उपटून घ्या, फुकटात मिळतायत.

नटबोल्ट:
काका, आरएस-२३२ (सिरियल पोर्टचं मानक) मध्ये उणे ३ ते अधिक ३ व्होल्टच्या मधलं काही ग्राह्य नसतं. ० आणि ५ वर कसं चालेल? मधे व्होल्टेज बदलून देणारी मॅक्स२३२ चिप हवी.

जुनंखोड:
कागदावर तुमचं बरोबर. प्रत्यक्षात पीसीतल्या बहुतेक चिपा १ ते २ व्होल्टच्या दरम्यानच पलटतात. लर्क या लिनक्सच्या रिमोट-सॉफ्टवेअरवाल्यांचं घरगुती सर्किट वर्षानुवर्षं याच भरवशावर चाललंय. आधी लावून बघू दे, नाही चाललं तर चिप.

बोर्डबहाद्दर:
यूएसबीचं सिरियल कन्व्हर्टर वापरा ना मग, पेटी उघडायला नको.

जुनंखोड:
नाही चालणार. इथे मायक्रोसेकंद मोजायचे आहेत आणि रिमोट वाचणाऱ्या सिरियल-आयआर ड्रायव्हरला खरा सिरियल पोर्ट लागतो. शिवाय त्याची पेटी उघडीच आहे.

एसीवाला:
यावरून पीसीतून एसी चालू करता येईल का?

खटपट्या:
सोल्डरने डाग दिले. एक वायर दोनदा सुटली, बोट भाजलं. सिरियल-आयआर ड्रायव्हर चढत नाही, पोर्ट व्यस्त म्हणतो.

नटबोल्ट:
नेहमीचा सिरियल ड्रायव्हर पोर्ट धरून बसलाय. सेटसिरियल कमांडने त्या पोर्टचा यूएआरटी (पोर्टची चिप) 'नन' करा, मग चढवा. आणि कोडीच्या मागे नंतर लागा, आधी मोड-टू या प्रोग्रॅममध्ये सिग्नलच्या लांबीचे कच्चे आकडे दिसतात का बघा.

खटपट्या:
आकडे आले!!! ९२०, ८५०, १७६०, ८६०, ९१० असे धबाधबा पडतायत. बटणं रेकॉर्ड करून कोडीला जोडली. पण गंमत अशी की बटण एकाआड एकच लागतं. पहिल्यांदा दाबलं की खाली जातं, दुसऱ्यांदा काही नाही, तिसऱ्यांदा परत जातं. सेन्सरच अर्धमेला झालाय का?

सोफासम्राट:
म्हटलं नव्हतं?

डागडुजी:
सेन्सर ठणठणीत आहे. आकडे ८८९ आणि त्याच्या दुपटीच्या आसपास आहेत, म्हणजे रिमोट आरसी-५ जातीचा (सिग्नल पाठवायची एक ठरलेली पद्धत). नेक (एनईसी) या दुसऱ्या पद्धतीचा असता तर सुरुवातीला ९००० आणि ४५०० दिसले असते. आरसी-५ मध्ये एक टॉगल बिट असतो, बटण सोडून पुन्हा दाबलं की उलटतो. बटण दाबून धरलंय की पुन्हा दाबलंय हे टीव्हीला त्यावरून कळतं. तुम्ही कच्चे आकडे जसेच्या तसे पाठ करवलेत, त्यामुळे दर दुसऱ्या वेळचं दाबणं त्याला अनोळखी वाटतं. ते रेकॉर्डिंग पुसा, आयआर-कीटेबल या लिनक्सच्या प्रोग्रॅमला आरसी-५ सांगा आणि तिथल्या कोडवर बटणं बसवा.

खटपट्या:
झालं! प्रत्येक दाबणं लागतंय. पाहुणे कधीच येऊन, जेवून गेले, पण चालतंय. फक्त सोफ्याच्या अगदी टोकावरून कधी कधी चुकतं.

जुनंखोड:
आरसी-५ चा झोत ३६ किलोहर्ट्झचा, तुमचा सेन्सर बहुधा ३८ चा. पल्ल्यात थोडा मार बसणारच. बॉक्सच्या तोंडावरची काळपट लाल काच आहे ना, तीही काढून पीसीला लावा. दिव्यांचा उजेड अडतो.

खटपट्या:
ती मात्र खरंच कचऱ्याच्या गाडीत गेली.

एसीवाला:
एसीचं कोणी सांगेल का?

बोर्डबहाद्दर:
एसीवाला, व्यनि बघा. आर्डुइनोने होतं.